मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र: आपल्यातल्या दोन कार्डवाल्यांचं काय?

नमस्कार मंडळी,

हे पत्र अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आहे. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, आणि मुख्य म्हणजे ज्या बिचाऱ्यांच्या गळ्यात ‘सीनियर्सचं काहीतरी बघा’ हे खातं मारलेलं असतं ते. कुठल्याही एका मंडळावर राग नाहीये, मी स्वतः इतकी वर्षं न्यू जर्सीत मंडळाची मेंबर आहे, पोळ्या लाटल्यात, खुर्च्या लावल्यात, त्यामुळे घरातलंच कोणीतरी बोलतंय असं समजून वाचा.

विषय सरळ आहे. मेडिकेअर आणि मेडिकेड हे दोन्ही सरकारी आरोग्य विमे एकाच वेळी मिळू शकतील अशी माणसं आपल्या मंडळांत आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतच नाही, काहींना माहीत आहे पण अर्ज करायची लाज वाटते, आणि काहींना चुकीचं माहीत आहे. हा तिसरा प्रकार सगळ्यात महागात पडतो.

हे कोणाजवळ काढलं की उत्तर ठरलेलं, "अगं, आपल्यात कोण आहे तसं?" आपल्यात म्हणजे कोण ते पण ठरलेलं असतं, सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर नि इंजिनिअर, घर फिटलेलं, रिटायरमेंटचे पैसे बाजूला. ते आहेतच की, छान आहेत, त्यांना या पत्राची गरज नाही. पण आपल्यात मुलाने ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेले आई-बाबा पण आहेत ज्यांनी इथे एक दिवस नोकरी केलेली नाही. वीस वर्षं डबे करून देणाऱ्या काकू आहेत, सगळा व्यवहार कॅशमधला, त्यामुळे सोशल सिक्युरिटीत काहीच जमा नाही. मोटेलच्या डेस्कवर, दुकानाच्या काउंटरवर उभं राहून म्हातारे झालेले लोक आहेत. पन्नाशीत घटस्फोट झालेल्या बायका आहेत. बावन्नाव्या वर्षी स्ट्रोक येऊन डिसॅबिलिटीवर गेलेला प्रोग्रामर आहे, तो पासष्टचा व्हायची वाट बघायची गरज नाही, सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी त्याला मेडिकेअर मिळतं, आणि मधल्या काळात मेडिकेड मिळू शकतं. ही सगळी माणसं आपल्या कोजागिरीला असतात, फक्त बोलत नाहीत.

आता थोडं मूळ सांगते, ज्यांना येतं त्यांनी हा पॅरा सोडून द्या. दोन्ही योजना एकाच कायद्यातून आल्या, ३० जुलै १९६५ ला प्रेसिडेंट जॉन्सननी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन सही केली आणि पहिलं मेडिकेअर कार्ड माजी प्रेसिडेंट ट्रूमनना दिलं. मेडिकेअर हे केंद्राचं, वयावर किंवा डिसॅबिलिटीवर मिळतं, उत्पन्न कितीही असू दे. मेडिकेड हे केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, ते उत्पन्न आणि मालमत्ता बघून मिळतं, आणि राज्याराज्यात नाव वेगळं, कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, आमच्याकडे एनजे फॅमिलीकेअर, त्यामुळे लोकांना कळतच नाही की आपल्याकडे आहे ते मेडिकेडच आहे. ज्याच्याकडे दोन्ही, तो ‘ड्युअल’. देशभरात असे १ कोटी २० लाखांहून जास्त लोक आहेत, म्हणजे हा काही कोपऱ्यातला प्रकार नाहीये.

ड्युअलमध्ये पण दोन तऱ्हा. फुल ड्युअल म्हणजे ज्याला राज्याचं पूर्ण मेडिकेड आहे, मेडिकेअर देत नाही त्या गोष्टी पण त्यातून मिळतात. आणि पार्शल ड्युअल म्हणजे ज्याला पूर्ण मेडिकेड बसत नाही पण राज्य त्याचा मेडिकेअरचा खर्च उचलतं. या दुसऱ्या प्रकाराला मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम म्हणतात आणि माझ्या मते आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय, कारण ‘मेडिकेड आपल्याला बसत नाही’ असं एकदा कोणीतरी सांगितलं की विषय संपतो, या खालच्या पायऱ्यांपर्यंत कोणी जातच नाही.

पायऱ्या अशा. सगळ्यात चांगली क्यूएमबी, लोक तिला क्विंबी म्हणतात. २०२५ मध्ये एकट्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न साधारण १,३२५ डॉलरपर्यंत आणि नवरा-बायकोचं मिळून १,७८३ पर्यंत असेल तर ती बसत होती. त्यावर एसएलएमबी, बोलीत स्लिंबी, १,५८५ आणि २,१३५ पर्यंत. त्यावर क्यूआय, १,७८१ आणि २,४०० पर्यंत. दरवर्षी हे आकडे थोडे वर सरकतात. आणि हे केंद्राचे किमान आकडे आहेत, राज्य यापेक्षा सढळ असू शकतं. न्यूयॉर्क राज्य तुमचे बँकेतले पैसे बघतच नाही आणि उत्पन्नाची मर्यादा पण त्यांनी २०२३ पासून बरीच वर नेली, मॅसॅच्युसेट्सने मार्च २०२४ पासून मालमत्तेची अट काढून टाकली, कनेक्टिकटची मर्यादा तर याहून बरीच वरची. म्हणजे अटलांटाच्या मावशीला नाही मिळालं म्हणून बॉस्टनच्या आत्याला मिळणार नाही हा हिशोब चुकीचा आहे, आणि आपल्याकडे व्हॉट्सॅपवर हाच हिशोब फिरतो.

स्लिंबी आणि क्यूआयमध्ये राज्य तुमचा पार्ट बी चा, म्हणजे मेडिकेअरमधल्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, प्रीमियम भरतं. तो २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता, २०२६ मध्ये २०२.९० झाला, म्हणजे वर्षाचे २,४०० डॉलरच्या वर, आणि दोघांचे मिळून जवळपास ४,९००. सोशल सिक्युरिटीच्या चेकवर जगणाऱ्या घरात हे पैसे म्हणजे काय ते मी सांगायला नको. शिवाय यातली कुठलीही पायरी मिळाली की औषधांसाठीचं ‘एक्स्ट्रा हेल्प’ आपोआप मिळतं, वेगळा अर्ज लागत नाही. पार्ट बी उशिरा घेतल्याचा जो दंड असतो, प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के, तो पण राज्य भरायला लागलं की सुटतो. हे कोणी सांगतं का आपल्या लोकांना?

आता आई-बाबांची गोष्ट, कारण ती खास आपली आहे. ज्याने किंवा ज्याच्या जोडीदाराने इथे ४० क्वार्टर म्हणजे साधारण दहा वर्षं टॅक्स भरून काम केलंय त्याला पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग, फुकट. (घटस्फोट झालेल्या बायकांनी हे नीट वाचा, लग्न दहा वर्षं टिकलं असेल आणि आत्ता तुम्ही एकट्या असाल तर आधीच्या नवऱ्याच्या रेकॉर्डवर पण फुकट मिळू शकतं, त्याला विचारावं पण लागत नाही.) मुलाच्या क्वार्टरवर मात्र आई-बाबांना मिळत नाही. मुलगा कितीही मोठ्या पोस्टवर असू दे. पासष्टच्या वरचे आई-बाबा ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिले की मेडिकेअर विकत घेऊ शकतात, पण विकत म्हणजे २०२६ मध्ये पार्ट ए चे महिन्याला ५६५ आणि बी चे २०२.९०, एका माणसाचे झाले ७६७.९०, दोघांचे पंधराशेच्या वर. दर महिन्याला. हे ऐकून मुलगा म्हणतो राहू दे, आणि आई-बाबा व्हिजिटर इन्शुरन्सवर नाहीतर देवाच्या भरवशावर राहतात.

इथेच क्विंबीचा उपयोग आहे, कारण ती पार्ट बी सोबत पार्ट ए चा प्रीमियम पण भरते. त्यासाठी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात पार्ट ए चा ‘कंडिशनल’ अर्ज करायचा असतो, म्हणजे राज्याने क्विंबी मंजूर केली तरच मला पार्ट ए द्या, नाहीतर नको, असा. हा अर्ज तिथल्या काउंटरवरच्या प्रत्येकालाच माहीत असतो असं नाही, मी तर लोकांना छापील कागद बरोबर देऊन पाठवते. काही राज्यांत हा अर्ज वर्षभर कधीही होतो, काही राज्यांत फक्त जानेवारी ते मार्चमध्येच. कॅलिफोर्निया पूर्वी दुसऱ्या प्रकारात होतं, १ जानेवारी २०२५ पासून पहिल्या प्रकारात आलं, तेव्हा तिकडच्या मंडळांनी जुना सल्ला देणं कृपा करून थांबवा.

पण यात एक मेख आहे आणि ती लपवून मला कोणाला खोटी आशा दाखवायची नाही. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्यांना केंद्राच्या मेडिकेडसाठी बहुतेक वेळा पाच वर्षं थांबावं लागतं. आणि पाच वर्षांनंतर पण, मुलाने आई-बाबांना बोलावताना आय-८६४ वर, म्हणजे ‘यांना मी सांभाळीन’ या हमीपत्रावर, सही केलेली असते ना, आठवतंय का, बहुतेकांना आठवत नाही, वकिलाने पुढे केलेल्या गठ्ठ्यात ती पण होती, त्या सहीमुळे मुलाचं उत्पन्न आई-बाबांचं म्हणून धरलं जाऊ शकतं, आई-बाबा सिटिझन होईपर्यंत किंवा त्यांचे ४० क्वार्टर होईपर्यंत. सिटिझन झाले की तो हिशोब बंद. त्यानंतर ते मुलाच्या घरात राहत असले तरी मुलाचं उत्पन्न त्यांच्या मेडिकेडमध्ये येत नाही, फक्त नवरा-बायकोचं एकमेकांचं येतं. हे इतकं सरळ आहे तरी ‘मुलगा कमावतो म्हणून मिळणार नाही’ हे वाक्य मी नागरिक झालेल्या आजोबांच्या तोंडून पण ऐकते. म्हणून मंडळं सिटिझनशिपचे क्लास घेतात ते फार चांगलं आहे, त्याला नावं ठेवू नका, म्हातारपणी इतके प्रश्न पाठ करायची हौस म्हणून कोणी येत नाही तिथे. ज्यांनी अजून ग्रीन कार्डचाच अर्ज केलाय त्यांनी मात्र आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, ‘पब्लिक चार्ज’ चा, म्हणजे सरकारी मदतीवर जगेल म्हणून ग्रीन कार्ड कधी नाकारायचं याचा, २०२२ चा नियम रद्द करायचा प्रस्ताव सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडलाय, तिथे फेसबुक ग्रुपवरच्या सल्ल्यावर जाऊ नका.

आता भारतातला फ्लॅट. हा विषय निघाला की सगळे एकदम शांत होतात.

स्पष्ट लिहिते. राहतं घर आणि एक गाडी मालमत्तेत धरत नाहीत. पण पुण्यातला दुसरा फ्लॅट धरतात. बँकेतली एफडी धरतात. फ्लॅटचं भाडं आणि तिकडची पेन्शन हे उत्पन्न धरतात. २०२५ मध्ये सेव्हिंग्ज प्रोग्रॅमसाठी मालमत्तेची केंद्राची मर्यादा एकट्याला ९,६६० आणि जोडप्याला १४,४७० डॉलर होती, आणि न्यू जर्सीत वयस्कर लोकांच्या पूर्ण मेडिकेडसाठी तर एकट्याला ४,००० आणि जोडप्याला ६,००० इतकीच. मेडी-कॅलने २०२४ पासून मालमत्तेची अट काढली होती ती १ जानेवारी २०२६ पासून परत आली, एकट्याला १,३०,००० डॉलर. अर्जावर सही करताना तुम्ही लिहून देता की सगळं खरं सांगितलंय. ‘त्यांना कुठे कळणारेय भारतातलं’ असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक मंडळात असतो आणि तो स्वतः फॉर्म भरत नसतो, दुसऱ्याला भरायला लावतो. असल्या सल्ल्यामुळे मिळालेले पैसे परत मागतात, वर फ्रॉडची केस होऊ शकते.

दुसऱ्या टोकाला असे पण आहेत की जे सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून अर्जच करत नाहीत. गावाकडची जमीन, नावं सात जणांची, वाटणी झालेली नाही, एक भाऊ तिथेच राहतो, ती विकता येत नाही आणि त्यातून रुपया येत नाही. अशी प्रत्येक मालमत्ता आपोआप तुमच्या नावावर मोजली जाते असं नाही, ती विकायचा हक्क आणि शक्यता तुमच्याकडे खरंच आहे का, हे बघावं लागतं. कागद इंग्रजीत करून द्या, काय परिस्थिती आहे ते लिहा, आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. नाही म्हणाले तर अपील आहे, त्याला फेअर हिअरिंग म्हणतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. आणि हो, मर्यादेत बसावं म्हणून घाईघाईने मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करू नका, नर्सिंग होम किंवा घरच्या देखभालीचं मेडिकेड मागितलंत तर बहुतेक राज्यांत मागच्या पाच वर्षांचे व्यवहार तपासतात, आणि बक्षीसपत्र तिकडे दापोलीत झालं म्हणून सुटत नाही.

‘सरकार घर घेतं’ ही भीती पण सांगून टाकते. १९९३ च्या कायद्याप्रमाणे पंचावन्नच्या पुढच्या माणसावर मेडिकेडने नर्सिंग होम वगैरे देखभालीचा खर्च केला असेल तर त्याच्या मृत्यूनंतर राज्य तो खर्च इस्टेटीतून मागतं, मागे नवरा किंवा बायको जिवंत असेल तर तेव्हा नाही. हे खरं आहे आणि अर्जाआधी घरात बोलून घ्यायला हवं. पण सेव्हिंग्ज प्रोग्रॅममधून भरलेले प्रीमियम २०१० पासून असे वसूल करता येत नाहीत. म्हणजे फक्त क्विंबी किंवा स्लिंबी घेणाऱ्या माणसाला घराची भीती घालणं हे चूक आहे, आणि ही भीती घालणारे आपल्यात भरपूर आहेत.

आता माझ्या धंद्यातलं. मी मेडिकल बिलिंगमध्ये काम करते त्यामुळे हे रोज समोर दिसतं. ज्याला क्विंबी आहे त्याला मेडिकेअरने कव्हर केलेल्या कुठल्याही सेवेसाठी डिडक्टिबल, कोइन्शुरन्स, कोपे यातलं, म्हणजे पेशंटच्या वाट्याचं, काहीही मागता येत नाही. केंद्राचा कायदा आहे. डॉक्टर मेडिकेड घेत नसला तरी मागता येत नाही. मेडिकेअर आपले पैसे देतं, उरलेल्याचं बिल राज्याकडे जातं, आणि बरीच राज्यं सांगतात की मेडिकेडच्या रेटपेक्षा जास्त आम्ही देणार नाही, तो रेट इतका कमी की मेडिकेअरने दिलेल्या पैशातच तो भरून निघतो, म्हणजे डॉक्टरच्या हातात उरलेलं शून्य. त्याला ते सोडून द्यावं लागतं. डॉक्टर लोक कुरकुरतात ते मला समजतं, त्यांच्या ऑफिसचं भाडं पण कोणीतरी भरायचंच आहे. पण त्यासाठी पेशंटला बिल पाठवणं बेकायदाच.

तरी पाठवतात. माझ्या ओळखीच्या एका काकूंना एका हॉस्पिटलचं बिल आलं, त्यांनी मुलीला त्रास नको म्हणून गुपचूप हप्ते बांधून घेतले आणि मला कळलं तेव्हा बरेच हप्ते गेले होते. पैसे परत मिळाले, मेडिकेअरच्या कागदावरच लिहिलेलं होतं की या क्विंबी आहेत, तो कागद पुढे केला आणि फोनवर आवाज चढवला. पण प्रत्येकीला अशी बिलिंगवाली भाची नसते ना. १-८००-६३३-४२२७ हा मेडिकेअरचा नंबर, तिथे तक्रार घेतात आणि ‘मराठी इंटरप्रिटर’ म्हटलं की दुभाषा पण फुकट देतात, थोडं थांबावं लागतं. आजोबांना इंग्रजी येतं हो, पण कोइन्शुरन्सचं इंग्रजी वेगळं असतं.

फुल ड्युअलचा जो मोठा फायदा, तो देखभालीचा. मेडिकेअर म्हणजे सगळं मिळालं असं लोकांना वाटतं आणि मग आजींचं हिप मोडतं. हॉस्पिटलनंतर स्किल्ड नर्सिंग, म्हणजे नर्स आणि थेरपी असलेल्या केंद्रात राहणं, मिळतं, पहिले २० दिवस पूर्ण, एकविसाव्यापासून शंभराव्यापर्यंत दिवसाला दोनशे डॉलरच्या वर तुम्ही भरायचे, आणि त्यानंतर काही नाही. आंघोळ घालायला, जेवू घालायला, रोज कोणीतरी लागतं त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. मेडिकेड देतं, नर्सिंग होममध्ये पण आणि बऱ्याच राज्यांत घरी पण. आमच्याकडे एडिसन नि आयझेलिनच्या बाजूला जी डे केअर सेंटरं आहेत, सकाळी व्हॅन घ्यायला येते, नर्स बीपी बघते, दुपारी खिचडी-कढी, मग भजन नाहीतर पत्ते, त्यातल्या कित्येकांचा खर्च मेडिकेडमधून चालतो. तिथे बाकी देशी लोक मोठ्या संख्येने दिसतात, मराठी कमी. आपले आजोबा चौथ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये युट्यूबवर कीर्तन बघत दिवस काढतात कारण घरच्यांना वाटतं ‘ते असलं आपल्याला नको’. असलं म्हणजे कसलं? हे मला कोणीतरी समजावून सांगा.

लाजेबद्दल एवढंच म्हणते, जो मुलगा वीस वर्षं इथे टॅक्स भरतोय त्याच्या आईने कायद्यात बसणारी गोष्ट मागितली तर त्यात भीक कुठे आली. भारतातली सरकारी पेन्शन घेताना लाज वाटत नाही, मग इथे का.

आता मुद्द्यावर येते, तुमच्याकडून काय हवंय. सध्या मंडळात हा विषय येतो तो गणपतीला किंवा पाडव्याला लावलेल्या इन्शुरन्स एजंटच्या टेबलावरून. एजंट वाईट नसतात, माझे मित्र आहेत त्यातले. पण त्यांचं कमिशन प्लॅन विकला की येतं. ड्युअल लोकांसाठी खास प्लॅन असतात, डी-स्निप म्हणतात, त्यात दातांचं, चष्म्याचं, ग्रोसरीच्या कार्डाचं आमिष असतं आणि आजी म्हणते घ्या, फुकट आहे. मग कळतं की वर्षानुवर्षांचे कार्डिओलॉजिस्ट त्या नेटवर्कमध्येच नाहीत. चांगले डी-स्निप आहेत, मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही एकाच कंपनीकडे असलेले तर खरंच सोयीचे पडतात, पण ते निवडायला विकणारा नसलेला माणूस शेजारी बसलेला हवा. औषधांचा वेगळा प्लॅन घेऊन ओरिजिनल मेडिकेअरवर, म्हणजे थेट सरकारच्या मेडिकेअरवर, परत यायची मुभा ड्युअल लोकांना २०२५ पासून दर महिन्याला आहे, प्लॅन बदलायच्या ऑक्टोबरच्या मुदतीची वाट बघायला लागत नाही, हे टेबलावरचा किती जणांना सांगत असेल?

असा विकत नसलेला माणूस फुकट मिळतो. प्रत्येक राज्यात शिप नावाची योजना आहे, १९९० च्या कायद्यातून आलेली, कॅलिफोर्नियात तिचं नाव हायकॅप, मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडात शाइन. तिथले काउन्सेलर मेडिकेअर-मेडिकेडचं सगळं समजावतात, काहीही विकत नाहीत, आणि बरेचसे स्वयंसेवक असतात ज्यांना ट्रेनिंग शिपच देतं. तर माझी मागणी ही की प्रत्येक मंडळाने आपले दोन लोक या ट्रेनिंगला पाठवायचे. नुकतेच रिटायर झालेले, एक्सेलचं वेड असलेले काका प्रत्येक गावात आहेत, बायका त्यांना कंटाळल्यात, त्यांना हे काम द्या. इन्शुरन्स विकणारा माणूस नको. आणि जे होतील त्यांनी घरी जाऊन भेटायची तयारी ठेवावी कारण स्टेजवरच्या स्लाइड बघून कोणी हात वर करून सांगणार नाही की माझं उत्पन्न तेराशे डॉलर आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात उत्तररंग हा ज्येष्ठांचा कार्यक्रम असतो तिथे बहुतेक गर्दी गुंतवणूक आणि आरोग्याच्या भाषणांना, त्यात हा विषय घ्या, पण बंद खोलीत एकेकाला भेटायची सोय करा, मोठ्या हॉलमध्ये नको.

दुसरी मागणी छोटी आहे. मेडिकेडचं दर वर्षी रिन्यूअल असतं, पत्र घरी येतं, आणि आपले लोक त्या वेळी भारतात असतात. नोव्हेंबरला गेले की मार्चपर्यंत तिकडे, लग्नं, नातवंडं, हुरडा. मुलगा टपाल उघडत नाही कारण त्याला सगळं जाहिरातीचंच वाटतं. परत येऊन बघतात तर मेडिकेड बंद, पार्ट बी चे पैसे चेकमधून कापले जायला लागलेत. कोविडच्या काळात कोणाचं मेडिकेड बंद करत नव्हते, ते बंद करणं एप्रिल २०२३ पासून परत सुरू झालं तेव्हा देशभरात अडीच कोटींच्या आसपास लोकांचं गेलं आणि त्यातल्या बहुतेकांचं अपात्र ठरल्यामुळे नाही, कागद वेळेत न गेल्यामुळे. तेव्हा मंडळाच्या नोव्हेंबरच्या इमेलमध्ये दोन ओळी टाका, भारतात जायच्या आधी राज्याच्या ऑफिसला फोन करा, किती दिवस बाहेर राहिलं तर चालतं ते विचारा, रिन्यूअलची तारीख विचारा, आणि टपाल बघायला एक माणूस नेमून जा. तिकडे गेल्यावर दोन्ही कार्डं तशीही चालत नाहीत, तिकडचा इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो. बंद झाल्याची नोटीस आली तर त्यातली तारीख उलटायच्या आत हिअरिंग मागायचं, म्हणजे निकाल लागेपर्यंत चालू राहतं.

आणि हे यंदाच करायचं कारण नियम बदलतायत. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने सेव्हिंग्ज प्रोग्रॅमचे अर्ज सोपे करणारा २०२३ चा नियम २०३४ पर्यंत अडवून ठेवलाय, म्हणजे राज्याने आपणहून तुमचं नाव घालावं ही आशा सोडा, अर्ज तुम्हालाच करायचाय. मेडिकेड मागच्या तीन महिन्यांच्या बिलांना लागू व्हायचं, ते जानेवारी २०२७ पासून बहुतेक वयस्करांसाठी दोन महिने होणार. इमिग्रंट लोकांच्या काही गटांचं मेडिकेअर-मेडिकेड पण या कायद्याने जातंय, ग्रीन कार्डवाल्यांचं त्यात नाही, पण अफवा पसरलीच आहे आणि दोन घरांनी तर घाबरून स्वतःच अर्ज मागे घ्यायचा विचार केला होता. त्यांना मी थांबवलं. बाकीच्या राज्यांत कोण थांबवतंय?

न्यू जर्सीत मी शिपचं ट्रेनिंग घ्यायला नाव देतेय आणि माझ्याबरोबर अजून कोणी असेल तर गाडीत जागा आहे. एनजेसेव्ह नावाचा एक ऑनलाइन अर्ज इथे आहे, त्यातून सेव्हिंग्ज प्रोग्रॅम आणि औषधांची राज्याची योजना दोन्ही एकदम बघतात, तो मराठीत समजावणारं एक पान मी लिहून ठेवलंय, ज्या मंडळाला हवं त्याने घ्या, नाव घालायची पण गरज नाही. इतर राज्यांच्या मंडळांनी आपापल्या राज्याचं असं एक पान करा आणि एकमेकांना पाठवा. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय ढोलताशाच्या बजेटच्या आधी घ्या, नंतर घेतलात तर कोरम राहत नाही हे तुम्हाला पण माहितीये.

तुमचीच,
न्यू जर्सीची एक मेंबर